किल्लीदार ते ग्रंथपाल
(ठाणे-कल्याण परिसरातील ग्रंथालय-सेवकांच्या शिक्षणाची कहाणी)

कल्याण आणि ठाणे या दोन्ही गावांतील प्राचीन ख्रिस्ती वस्तीचे लेखी पुरावे युरोपातील ग्रंथालयांनी जतन केले आहेत. सहाव्या शतकातील कॉस्मस नावाच्या एका व्यापाऱ्याने 'कल्लिआना' येथे ख्रिस्ती लोक राहतात व त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो, अशी नोंद आपल्या ग्रंथात करून ठेवली. पुष्कळ अभ्यासकांच्या मते ही कल्लिआना म्हणजेच आपले कल्याण. कॉस्मसच्या ग्रंथाची नवव्या शतकातील एक हस्तलिखित प्रत व्हॅटिकन ग्रंथालयात आहे. ठाण्याचे तसेच. एप्रिल १३२१ मध्ये तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि देमेत्रिओ या चार फ्रान्सिस्कनांनी ठाण्यात श्रद्धेसाठी प्राण दिले. त्यांचे सोबती, डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्डन, यांनी १३२१ व १३२४ साली आपल्या बांधवांना लिहिलेल्या पत्रांतून ही हकीकत युरोपात पोहोचली. ती पत्रे कोणी तरी नकलून काढली, कोणी तरी बांधून फळीवर ठेवली, आणि शतकानुशतके कोणी तरी त्या फळीवरची धूळ झटकीत राहिले. म्हणून आज आपण त्या रक्तसाक्ष्यांची नावे घेऊ शकतो.

पत्र लिहिणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले. पत्र सांभाळणाऱ्याचे राहिले नाही. ग्रंथालयांच्या बाबतीत नेहमी असेच घडते. संस्थापकांच्या तसबिरी भिंतीवर लागतात, देणगीदारांची नावे संगमरवरात कोरली जातात. रोज सकाळी कुलूप उघडून संध्याकाळी दिवे मालविणाऱ्या माणसाची आठवण क्वचित राहते. हे काम तो कोठे शिकला, त्याला कोणी शिकविले आणि शिकल्यानंतर समाजाने त्याची किती किंमत केली, याचा थोडा मागोवा या लेखात घ्यावयाचा आहे.

किल्लीदारांचा काळ

महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनालयांची सुरुवात लवकर झाली. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे. मुंबईहून निघालेली आगगाडी १८५३ साली ठाण्यास आणि पुढील वर्षी कल्याणला पोहोचली. टपाल, वर्तमानपत्रे व मुंबईच्या छापखान्यांतील पुस्तके तिच्याबरोबर येऊ लागली. १८६४ साली कल्याणमध्ये सार्वजनिक वाचनालय सुरू झाले. १ जून १८९३ रोजी ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे व विष्णु भास्कर पटवर्धन यांनी मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन केले. 'महाराष्ट्र सारस्वत' या ग्रंथामुळे पुढे कीर्ती पावलेले भावे त्या वेळी अवघे एकवीस वर्षांचे होते. मराठीत छापलेले पुस्तक मराठी माणसाला एका ठिकाणी पाहावयास मिळावे, ही त्यामागची तळमळ. मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ मध्ये झाली. म्हणजे या बाबतीत ठाण्याने राजधानीला वाट दाखविली.

या संस्था काढणारी माणसे विद्वान होती, त्यागी होती. परंतु ग्रंथालय चालविणे ही शिकण्याची विद्या आहे, असे त्या काळी आपल्याकडे कोणाला वाटत नव्हते. पुस्तके आणणे हे कार्यवाहांचे काम आणि ती सांभाळणे हे पगारी नोकराचे. त्याच्याकडे कपाटांच्या किल्ल्या असत. बंद कपाटांतील पुस्तकांची यादी एका जाड वहीत, पुस्तके आली त्या क्रमाने लिहिलेली असे. वाचकाने वहीत नाव शोधावे, क्रमांक सांगावा आणि किल्लीदाराने पुस्तक काढून द्यावे, अशी पद्धत होती. ज्याची स्मरणशक्ती तल्लख, तो उत्तम सेवक. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात, कोणत्या खणात, कोणाकडे गेले आणि परत आले नाही, हे सारे त्याच्या डोक्यात असे. तो असेपर्यंत ग्रंथालय सुरळीत चाले. तो थकला किंवा गावी गेला, की निम्मे ग्रंथालय त्याच्याबरोबर जात असे. कारण त्याचे ज्ञान कागदावर उतरलेले नसे आणि ते दुसऱ्याला देण्याची रीतही ठरलेली नसे.

विद्या म्हणून ओळख

ही रीत प्रथम अमेरिकेत बसविली गेली. दशांश वर्गीकरणाचे जनक मेल्विल ड्यूई यांनी १८८७ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथपालांसाठी पहिली शाळा उघडली. पहिल्या वर्गातील वीस विद्यार्थ्यांपैकी सतरा स्त्रिया होत्या. महाविद्यालयाच्या विश्वस्तांना हे रुचले नाही, आणि दोनच वर्षांत शाळेला आपले बिऱ्हाड ऑल्बनीला हलवावे लागले. या व्यवसायात स्त्रियांनी पाऊल टाकले ते असे पहिल्याच दिवशी, आणि विरोधही त्यांना तेव्हाच अनुभवावा लागला.

भारतात ही विद्या आणण्याचा मान एका मराठी राजाकडे जातो. आपल्या संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या ध्यानात आले, की शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती पुस्तक राहिले नाही, तर तो शिकलेले विसरतो. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बोलावून घेतले, आणि १९११ मध्ये बडोद्यास ग्रंथालय-सेवकांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. १९१२ पासून तेथून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचे नियतकालिक निघू लागले. इंग्रजी व गुजरातीबरोबर त्यात मराठी विभागही होता. बॉर्डन परत गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी हे काम पुढे नेले. पेट्यांत पुस्तके भरून खेडोपाडी पाठविणारी बडोद्याची फिरती ग्रंथालये चालली, ती असे शिकविलेले हात मिळाले म्हणून.

नंतरचे मोठे नाव डॉ. शि. रा. रंगनाथन यांचे. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा त्या शांत दालनात त्यांचे मन रमेना. पुन्हा शिकवावयास जाऊ द्या, असे ते म्हणू लागले. आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालये पाहून या, मग ठरवा, असा सल्ला त्यांना मिळाला. लंडनला शिकताना आणि तेथील ग्रंथालये पाहताना त्यांना उमगले, की जे काम आपण कंटाळवाणे समजत होतो ते समाजाच्या शिक्षणाचे काम आहे. १९२९ मध्ये मद्रासला त्यांच्या प्रयत्नाने ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला. १९३१ साली त्यांनी या शास्त्राची पाच सूत्रे मांडली, १९३३ साली स्वतःची वर्गीकरण-पद्धती दिली. रंगनाथन यांच्यासारखा बुद्धिमान मनुष्यही हे काम शिकल्यावाचून त्यात रमला नाही. मग ज्याला काहीच न शिकविता किल्ल्या हाती दिल्या जातात, त्याने आपल्या कामावर प्रेम करावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

ग्रंथपाल पोप

ख्रिस्तसभेत ग्रंथ सांभाळण्याची परंपरा फार जुनी. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी घालून दिलेल्या नियमांत, प्रायश्चित्त काळाच्या आरंभी प्रत्येक मठवासीयाने ग्रंथालयातून एक ग्रंथ घेऊन तो क्रमाने पूर्ण वाचावा, असे सांगितले आहे. ज्या मठात असा नियम, तेथे ग्रंथ मोजून देणारा आणि परत घेणारा कोणी तरी असणारच. तरीही विसाव्या शतकात, व्हॅटिकनसारख्या जुन्या ग्रंथालयालाही नव्याने शिकावे लागले.

पोप अकरावे पायस हे पोप होण्यापूर्वी ग्रंथपाल होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. मिलानच्या अँब्रोसियन ग्रंथालयात त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि १९१४ साली ते व्हॅटिकन ग्रंथालयाचे प्रमुख झाले. १९२२ मध्ये पोपपदी आल्यावर त्यांनी त्या प्राचीन संग्रहाच्या अद्ययावत सूचीचे काम हाती घेण्यास उत्तेजन दिले. अमेरिकेतील कार्नेगी संस्थेच्या साहाय्याने १९२७ मध्ये व्हॅटिकनची काही माणसे सूचीकार्य शिकण्यासाठी अमेरिकेस गेली, आणि तेथील ग्रंथपाल रोमला आले. या देवाणघेवाणीतून १९३१ मध्ये व्हॅटिकनची सूचीसंहिता प्रसिद्ध झाली आणि १९३४ मध्ये व्हॅटिकनची स्वतःची ग्रंथालयशास्त्राची शाळा सुरू झाली.

अमेरिकेस गेलेल्यांत ईजिनो जोर्दानी नावाचे एक प्रापंचिक गृहस्थ होते, चार मुलांचे वडील आणि लेखक. फोकोलारे चळवळीच्या उभारणीत पुढे त्यांचा मोठा वाटा राहिला, आणि आज त्यांना संतपद मिळावे यासाठीची प्रक्रिया चालू आहे. फॅसिस्ट राजवटीत तुरुंगवास भोगून आलेले आल्चिदे दे गास्पेरी यांनाही १९२९ साली याच ग्रंथालयाने काम दिले. पुढे इटलीचे पंतप्रधान झालेल्या या माणसाने बरीच वर्षे पुस्तकांच्या नोंदी करण्यात काढली. ज्या कामात अशी माणसे रमली, ते काम हलके कसे म्हणावे?

शिकण्यासारखे आहे तरी काय?

पुस्तक द्यायचे आणि घ्यायचे, त्यात शिकायचे ते काय, असा प्रश्न सुशिक्षित माणसेही विचारतात. एका उदाहरणाने पाहू. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. समजा, त्याची एक आवृत्ती डोंबिवलीच्या एखाद्या ग्रंथालयात आली. ती कोठे ठेवावी? ड्यूईच्या पद्धतीत ख्रिस्ती धर्मविषयक ग्रंथांचे वर्गांक २२० ते २८० च्या घरात येतात; मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६. धर्माच्या कपाटात ठेवले, तर मराठी ओवीचा अभ्यासक तेथे फिरकणार नाही. काव्याच्या कपाटात ठेवले, तर धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी पुस्तक शोधणाऱ्या बाईंना ते सापडणार नाही. ग्रंथ एका जागी ठेवून त्याच्या नोंदी दोन्ही ठिकाणी कशा करावयाच्या, हे शिकवावे लागते.

दुसरी अडचण नावाची. ग्रंथकर्त्याला कोणी स्टीफन्स लिहितो, कोणी स्टिफन्स, कोणी पोर्तुगीज वळणाने एस्तेव्हांव. ग्रंथाला कोणी 'ख्रिस्तपुराण' म्हणतो, कोणी 'क्रिस्तपुराण'. एक रूप प्रमाण मानून बाकीच्या रूपांखाली 'हे पाहा' अशी नोंद केली नाही, तर पुस्तक घरात असून वाचक 'नाही' असे ऐकून परत जातो. मराठीत टोपणनावांचा व्यवहार मोठा असल्यामुळे ही अडचण पदोपदी येते. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले आणि माधव ज्यूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, हे ज्याला माहीत नाही त्याच्या सूचीत एकाच कवीची दोन माणसे होतात.

हे केवळ कल्पनेतले संकट नव्हे. याच 'ख्रिस्तपुराणा'ची देवनागरी हस्तलिखिते लंडनमध्ये, मार्सडेन यांच्या संग्रहात होती. तो देवनागरी पाठ म्हणून तेथे आहे, हे जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२३ साली जगापुढे मांडले. तोवर आपल्या अभ्यासकांपुढे होती ती रोमन लिपीतील परंपरा. १९०७ ची मंगळूरची आवृत्तीही रोमन लिपीतच होती. ग्रंथ जपलेला असतो, पण तो काय आहे हे ओळखून नोंदविणारा मिळेपर्यंत तो असून नसल्यासारखा असतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ड्यूईने धर्माच्या शतकातील बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माला दिली आणि जगातील इतर सर्व धर्मांना २९० च्या एका दशकात कोंबले. ज्या ठाण्यात संतवाङ्मयाची कपाटेच्या कपाटे भरलेली, तेथे ही विभागणी तशीच लागू केली तर शेजाऱ्यावर अन्याय होतो. शिकलेला ग्रंथपाल पद्धतीतील असे उणेपण ओळखतो आणि आपल्या संग्रहाला मानवेल असा मार्ग काढतो. न शिकलेला एक तर पद्धतच सोडून देतो किंवा तिचा गुलाम होतो.

कायदा आणि प्रमाणपत्र

मुंबई सरकारने १९३९ मध्ये आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली, आणि राज्यभर ग्रंथालयांची साखळी उभारण्याचा आराखडा प्रथमच पुढे आला. १९४० नंतरच्या दशकात मुंबई विद्यापीठाचा ग्रंथपालनाचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. १९६१ मध्ये श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने ग्रंथालयशास्त्राची शाळा काढली. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या मुलींना लोकलगाडीने चर्चगेट गाठून हे शिक्षण घेता येऊ लागले.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला व १ मे १९६८ पासून अमलात आला. मद्रास, आंध्र प्रदेश व म्हैसूर यांच्यानंतर असा कायदा करणारे हे चौथे राज्य. आपल्या कायद्याने ग्रंथालय-कर बसविला नाही. ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालण्याची जबाबदारी शासनाने स्वीकारली. लोकांनी स्थापिलेल्या संस्था लोकांच्याच हाती ठेवून त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान द्यावे, ही त्यातील योजना. संस्थेचा वर्ग ठरविताना ग्रंथसंख्येबरोबर सेवकांची पात्रताही पाहिली जाऊ लागली, आणि किल्लीदाराला प्रथमच शिकण्याचे कारण मिळाले.

पदवी नसलेल्या सेवकांसाठी प्रमाणपत्र वर्ग सुरू झाले. ग्रंथालय संघांनी वर्ग चालवावेत आणि शासनाच्या ग्रंथालय संचालनालयाने परीक्षा घ्यावी, अशी व्यवस्था बसली. दाखल-नोंद, वर्गीकरण, तालिकीकरण, देवघेव, संदर्भसेवा, बांधणी आणि वार्षिक साठा-पडताळणी हे त्यातील विषय. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा होईपर्यंत वसईपासून मुरबाडपर्यंतची ग्रंथालये एकाच ठाणे जिल्ह्यात होती. आगरी, कोळी, आदिवासी, ख्रिस्ती अशा सर्व समाजांच्या गावांतील सेवकांसाठी हा प्रमाणपत्र वर्ग म्हणजे या विद्येचे पहिले दार होते. नंतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठामुळे नोकरी सांभाळून पदवीपर्यंत जाण्याची सोय झाली.

अपुरे राहिलेले

शिक्षण आले, पण शिक्षणाला साजेसे वेतन आले नाही. ही या कहाणीची दुखरी बाजू आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचे सेवक हे कायद्याने त्या त्या संस्थेचे नोकर. सरकारी वेतनश्रेणी त्यांना लागू नाही. राज्यातील मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या बारा हजारांच्या आसपास गेली, आणि अनुदान त्या प्रमाणात वाढले नाही. समित्या नेमल्या गेल्या, शिफारशी झाल्या, मोर्चे निघाले. पण प्रमाणपत्र घेतलेला सेवक अनेक ठिकाणी घर चालेल एवढेही मिळवू शकत नाही. मग तो दुसरी नोकरी शोधतो, त्याच्या जागी न शिकलेला येतो, आणि किल्लीदारांचा काळ मागल्या दाराने परत येतो.

दरम्यान शिकावयाचे मात्र वाढत गेले. सूचीची पत्रे गेली, संगणक आला. न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली 'कोहा' ही प्रणाली २००० सालापासून जगभर विनामूल्य मिळू लागली; माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ 'भेट' असा आहे. भेट फुकट मिळाली, तरी ती वापरण्याची विद्या फुकट येत नाही. जीर्ण कागद न फाटता त्याचे छायांकन कसे करावे, मराठी नावे संगणकात एकाच रूपात कशी भरावीत, हे शिकविणारे वर्ग पुन्हा पुन्हा व्हावे लागतात. एकदा प्रमाणपत्र घेतले आणि जन्माचे काम झाले, असे आता राहिलेले नाही.

डोंबिवलीत २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्या या गावाने संमेलनाध्यक्षांचे उत्साहाने स्वागत केले. त्यानंतर तीन वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, आपल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, तेव्हा आपल्या घराघरांत आनंद झाला. लेखकाचा असा गौरव होणे योग्यच आहे. तेवढ्याच अगत्याने आपण आपल्या ग्रंथपालाकडेही पाहावे, एवढेच येथे सुचवायचे आहे.

आपल्या धर्मग्रामांपुरते बोलायचे, तर आपल्याकडे काही ग्रंथालये आहेत, काही नुसती कपाटे आहेत, आणि प्रत्येक चर्चच्या कार्यालयात बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या जुन्या नोंदवह्या आहेत. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने अशा नोंदी ठेवण्याचा दंडक घातला. आपल्या पणजोबांचे नाव कदाचित फक्त त्याच कागदावर असेल. वाळवी आणि पावसाळा यांना पुण्याई समजत नाही. प्रत्येक धर्मग्रामाने एका तरुणाला किंवा तरुणीला ग्रंथालय-प्रमाणपत्राच्या वर्गास पाठवावे, तिचे शुल्क भरावे, आणि शिकून आल्यावर तिच्या हाती किल्ल्यांबरोबर योग्य मानधनही द्यावे, हे आपल्या आवाक्याबाहेरचे नाही.

ग्रंथपालांचे आश्रयदाते संत लॉरेन्स यांचा सण १० ऑगस्टला येतो. रोमच्या ख्रिस्तसभेचा ठेवा सांभाळणाऱ्या या उपगुरूने २५८ साली प्राण दिले. त्यानंतर दोनच दिवसांनी, १२ ऑगस्टला, डॉ. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ भारतात राष्ट्रीय ग्रंथपाल दिन पाळला जातो. या दोन दिवसांच्या मधल्या संध्याकाळी आपल्या जवळच्या ग्रंथालयात जावे. पुस्तक बदलून झाल्यावर टेबलापलीकडे बसलेल्या माणसाचे नाव विचारावे, आणि हे काम तो कोठे शिकला तेही विचारावे. आजवर बहुधा कोणी विचारलेले नसेल.